बाबा मेन्यूकार्ड उजवीकडून वाचतात

‘आई-बाबांच्या लग्नाला या डिसेंबरात 40 वर्षं होतायत. लग्नानंतर ते दोघं पणजीला बाबांच्या मावशीकडे आठ दिवस राहिले होते. संध्याकाळी फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून फिरायचे, पण बाहेर एकदाही जेवले नाहीत, मावशीला काय वाटेल म्हणून. आई अजून त्या रंगीत घरांबद्दल बोलते. म्हणून मी तिथलंच एक छोटं रेस्टॉरंट हेरलंय. जुनं घर, नऊ टेबलं, नवरा-बायको मिळून चालवतात. ॲपवरून रात्री साडेआठचं, सहाजणांचं टेबल घ्यायचा विचार आहे. नाशिकची ताई म्हणते, “कशाला? कळंगुटला रिसॉर्टमध्ये बुफे घेऊ, ज्याला जे हवं ते खाईल.” टोरांटोचा भाऊ म्हणतो, “पैसे मी देतो, फक्त जेवताना व्हिडिओ कॉल लावा.”

खरी अडचण बाबांची आहे. ते झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले शिक्षक. गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला ठाण्यात सगळ्यांना जेवायला नेलं, तर मेन्यूकार्डातले आकडे बघून “मला फारशी भूक नाही” म्हणाले आणि डाळ-रोटीवर उठले. मग आईनेही काही मागवलं नाही. घरी आल्यावर रात्री अकराला बाबांनी पोहे खाल्ले. आई पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. बाबांना मासे म्हणजे जीव की प्राण. सरप्राइज देऊ की सांगून नेऊ? आणि बिल बाबांपासून कसं लपवू?’
– मधली लेक, ठाणे

मधल्या लेकी,

रात्री अकराचे पोहे वाचून आधी हसू आलं, मग वाटलं की हे घरोघरी चालतं. आपल्या आधीच्या पिढीतली कितीतरी माणसं मेन्यूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचतात. आधी आकडा, मग पदार्थ. एका पगारात तीन मुलांच्या फिया भरलेल्या माणसाला 420 रुपयांचं पनीर दिसलं की त्याच्या डोक्यात दूध, पनीर, गॅस, मजुरी असा हिशोब आपोआप मांडला जातो. याला कंजूषपणा म्हणू नकोस. मुलांचे पैसे आपल्यावर उडतायत हे त्यांना बघवत नाही, एवढंच.

तेव्हा बिल लपवायचा विचार डोक्यातून काढ. लपवलेलं बिल बाबांना दिसतंच. वेटरच्या हातातल्या फोल्डरवर त्यांचा डोळा असतो, तू ‘हात धुऊन येते’ म्हणून काउंटरकडे गेलीस की त्यांना कळतं, आणि मग परतीच्या गाडीत ‘किती झाले?’ हा प्रश्न ठाणे येईपर्यंत चालतो. त्यापेक्षा पैसे आधी भर आणि भरलेत हे त्यांना सांग. रेस्टॉरंटच्या मालकांशी बोलून त्या रात्रीचं जेवण आधीच ठरवून घे, म्हणजे सुरुवातीला काय, मधे काय, गोड काय, माणशी किती. थोडी रक्कम आगाऊ पाठव. मग घरी शांतपणे सांग, ‘बाबा, आम्ही तिघांनी मिळून केलंय, पैसे दिलेत, परत मिळणार नाहीत.’ ज्या काटकसरीने त्यांनी ठाण्यात पनीर नाकारलं, तीच काटकसर इथे तुझ्या बाजूने उभी राहील. भरलेले पैसे आणि वाढलेलं अन्न वाया घालवणं झेडपीच्या मास्तरांना जमणार नाही. ते पानातलं सगळं संपवतील, वर तुझ्या पानातलंही संपवायला लावतील.

किती झाले असं विचारलं तर खरा आकडा सांग. ‘अहो जाऊ द्या ना’ करत टोलवलंस की बाबांच्या मनातला आकडा खऱ्याच्या दुप्पट होतो.

आता सरप्राइज. नको. तुमच्या पिढीला सरप्राइजचं फार कौतुक, पण आईला जरा विचारून बघ. साडी कुठली, ब्लाउज होतोय का, गजरा मिळेल का, ही सगळी तयारी हा तिच्या आनंदाचा अर्धा भाग आहे आणि सरप्राइजमध्ये तोच कापला जातो. दुसरं, डिसेंबर म्हणजे बहुतेक मार्गशीर्ष. आई मार्गशीर्षातले गुरुवार करत असेल आणि तू नेमकं गुरुवारचं टेबल घेतलंस, तर दिवसभराच्या उपासानंतर तिला महालक्ष्मीचा नैवेद्य दाखवून, कांदा-लसूण नसलेलं खाऊन उपास सोडायचा असणार. कालनिर्णय समोर ठेवून तारीख धर. लग्नाचा वाढदिवसच गुरुवारी येत असेल तर जेवण आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेव, बिघडत काही नाही. आणि संकष्टीही बघून घे.

ताईचं म्हणणं उडवून लावू नकोस. बुफेत आईला पंधरा शाकाहारी पदार्थ मिळतील, छोट्या गोवन रेस्टॉरंटमध्ये कदाचित चारच. हा तिचा मुद्दा बिनतोड आहे. पण बुफेत माणसं एकत्र बसत नाहीत. एक उठतो, एक प्लेट घेऊन परततो, एक जिलबीच्या रांगेत. आणि बाबा तिथे ‘वसूल’ करायला लागतील ते वेगळंच. शिवाय तुझ्या आईला 40 वर्षांपूर्वीची ती गल्ली आठवते, कळंगुटचा किनारा नाही. माझं मत तुझ्या नऊ टेबलांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. आधी फोन करायचा आणि सविस्तर बोलायचं. ॲपवर बोट टेकवून टेबल घेतलंस तर मालकांना फक्त ‘6 माणसं, 8.30’ एवढंच कळतं.

फोनवर पहिलं बोलणं आईच्या जेवणाचं. गोव्याच्या कॅथलिक घरगुती स्वयंपाकात ‘शाकाहारी’ म्हटलं की भाजीची शागुती, मशरूमची शागुती किंवा भाजीचं काल्दीन पुढे येतं. काल्दीन आईला आवडेल असं मला वाटतं. नारळाचं दूध, हळद, तिखट बेताचं. शागुतीचा भाजलेल्या खोबऱ्याचा वास तर तिला घरचाच वाटेल. मेख रश्शात, भातात आणि सूपमध्ये असते. गोवन पुलाव पुष्कळदा मटणाच्या किंवा चिकनच्या पाण्यात शिजवतात. काल्दो व्हेर्द नावाचं बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप नावावरून साधं वाटतं, पण त्यात चोरीसच्या चकत्या, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, असू शकतात. फेजॉआद ही राजम्यासारखी उसळ वाटते, तिच्यातही चोरीस. म्हणून नुसतं ‘व्हेज आहे का’ विचारू नकोस. विचार की भाजीच्या रश्शात कुठलं पाणी घालता, भात साधा मिळेल का, भाजीचं भांडं आणि पळी वेगळी ठेवाल का. कार्डावर बीफ आणि पोर्क असणारच, ते तिथलं रोजचं जेवण आहे. ते वाचून आई दचकू नये म्हणून तिला आधीच सांगून ठेव आणि तिचं भांडं वेगळं आहे हेही सांग. हे तिला टेबलावर बसल्यावर कळलं तर ती सोलकढी मागेल आणि ‘पोट भरलं’ म्हणेल. तुझ्या घरात हा आजार दोघांनाही आहे.

मग गोडाचं. सगळे उत्साहाने बेबिंका मागवतात आणि शाकाहारी माणसाच्या पानात वाढतात. बेबिंकात अंड्याचे बलक असतात, तेही भरपूर. एकेक थर भाजत ते करायचं म्हणजे कौशल्याचं काम, बाबांना नक्की खाऊ घाल, पण आईसाठी दोदोल सांग. नारळाचं दूध, गूळ, तांदळाचं पीठ, अंडं नाही. सेराद्युरा म्हणजे क्रीम आणि बिस्किटाच्या चुऱ्याचे थर, त्यातही सहसा अंडं नसतं, पण बिस्किटं कुठली ते विचारून घे. केक आणायचा असेल तर अंड्याशिवायचा आण आणि रेस्टॉरंटला तसं आधी सांग. त्यांच्या फ्रिजमध्ये जागा हवी आणि बाहेरचा केक चालतो का हेही बघायला हवं. दिवे मालवून वेटरांनी टाळ्या पिटत गाणं म्हणायचा प्रकार मात्र आईला विचारल्याशिवाय ठरवू नकोस. नऊ टेबलांच्या खोलीत सगळ्यांच्या नजरा वळतात आणि तिला कुठे बघावं कळत नाही.

आणि आईला पोटभर आपल्या चवीचं मिळावं म्हणून एक सुचवते. त्याच दिवशी दुपारी किंवा आदल्या दिवशी एखाद्या सारस्वत खानावळीत जेवा. खतखतं (बऱ्याच भाज्यांचं एकत्र कालवण), मुगागाठी (मोडाच्या मुगाची उसळ), टोणक (खोबऱ्याच्या वाटणातली कडधान्याची उसळ), वर सोलकढी. खतखत्यात तिरफळं असतात, कांदा-लसूण नसतो. तिथे आई राणीसारखी जेवेल आणि रात्री तिच्या पानात चारच पदार्थ आले तरी तुझ्या मनाला टोचणी लागणार नाही.

बाबांचे मासे. डिसेंबर चांगला. जून-जुलैची मासेमारीबंदी केव्हाच संपलेली असते आणि ताजी इसवण, चणक, मोडसां, तिसऱ्या मिळतात. इसवण म्हणजे आपली सुरमई हे बाबांना सांगायची गरज नाही. पण नेमका इथेच त्यांचा सापळा आहे. गोव्यातल्या मेन्यूकार्डावर अख्ख्या माशापुढे आकडाच नसतो, ‘ॲज पर साइज’ लिहिलेलं असतं. पोरगा ताटात मासा आणून दाखवतो, बाबा खूश होऊन मान डोलावतात आणि बिलात तो मासा पापलेटच्या भावाचा बाप निघतो. तेव्हा जेवण ठरवतानाच सांग की मासा अमुक रकमेपर्यंतचा आणा, रेशाद मसाल्यात की रवा लावून ते त्या दिवशी ठरवू. रेशादमध्ये सुकी लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर. बाबांना ॲसिडिटी असेल तर रवा फ्राय बरा. एक घोट घेत असतील तर काजू फेणी विचारा. उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, मात्र मागू नका, तो उन्हाळ्यातला माल.

वेळ बदल. साडेआठचं टेबल तुझ्या वयाच्या माणसांसाठी. आई-बाबा घरी आठला जेवत असतील, साडेआठला बसले तर पान समोर यायला सव्वानऊ होतात. तोवर सगळी खोली भरलेली, आत जेमतेम दोन-तीन माणसांचं स्वयंपाकघर, प्रत्येकाचा मासा एकाच तव्यावर. साडेसातचं घे. तेव्हा दार नुकतंच उघडलेलं असतं, मालकीणबाई स्वतः टेबलाशी येऊन दोन शब्द बोलू शकतात, आणि छोट्या ठिकाणी जायचं ते मुख्यतः त्यासाठीच. ‘हे दोघं 40 वर्षांपूर्वी इथूनच फिरायचे’ एवढं त्यांच्या कानावर घालून ठेव. बाकीचं त्या आणि बाबा बघून घेतील. तेव्हा इथे कोण राहायचं, पाव कुणाकडून यायचा, यावर मास्तरांना एकदा सूर सापडला की मेन्यूकार्ड उघडायचंही ते विसरतील.

जिन्याची चौकशी करायला विसरू नकोस. त्या भागातल्या जुन्या घरांत जेवायची खोली पुष्कळदा वर असते आणि लाकडी जिना अरुंद, उभा. आईचे गुडघे कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस, पण साठीच्या पुढच्या कुठल्याही आईचे गुडघे मी दुखरेच धरते. खालचं टेबल मिळेल का विचार, आणि बाथरूमही खालीच आहे ना तेही. बाल्कनीतलं टेबल फोटोत छान दिसतं, पण दोन खुर्च्या जेमतेम मावतात. गाडीने जाणार असाल तर 31 जानेवारी मार्गावर गाडी घालायचा हट्ट करू नका. ओरेम खाडीच्या कडेला किंवा पलीकडे पाटोला लावा आणि चालत या. तसंही त्यांना चालायचंच आहे. साडेसहाला पोचलात तर जेवणाआधी दोघांना गल्लीत मोकळं सोडा, तुम्ही मागे राहा.

भावाचा कॉल जेवताना नको. मसाल्याच्या हाताने फोन फिरवत ‘दिसतंय का, ऐकू येतंय का’ करण्यात मासा गार होतो आणि शेजारच्या टेबलाची संध्याकाळही जाते. डिसेंबरात टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. निघायच्या आधी संध्याकाळी सहाला, खोलीवर, दोघं तयार होऊन बसले की लावा. त्याच्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतील, उठेल की. पैसे तो एकटा देणार म्हणतोय तेही मी होऊ देणार नाही. तीन हिस्से करा. सगळे त्याने दिले तर बाबा ‘परदेशातला पैसा’ म्हणून दुप्पट अवघडतील आणि ताई रुसेल.

थोडं बिलाचं, कारण बाबा विचारणारच आणि तुला उत्तर येत असावं. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं 7,500 रुपयांच्या वर असतं, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के. ताईच्या रिसॉर्टचा दर काढताना हे धरलंय का, सहज विचार. अगदी छोटं ठिकाण कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांच्या ठोक कराच्या सोयीत, असेल तर ते ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट, म्हणून फेणीचा आकडा वेगळा दिसेल. आणि सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात परस्पर लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला त्या सूचना कायम ठेवल्या. लावलाच असेल तर काढायला सांगता येतो. पण हे सगळं आगाऊ बोलतानाच विचारून मोकळी हो. वाढदिवसाच्या रात्री कायदा काढून बसू नकोस. सेवा आवडली तर पोरांच्या हातात नोटा दे, आणि त्या शक्यतो बाबांच्या हातून देऊ दे. देणारा हात त्यांचा असला की त्यांना बरं वाटतं.

एवढं करूनही बाबा पहिल्या घासाला ‘महाग असणार इथे’ म्हणतील. म्हणू दे. ‘हो, आहे थोडं’ म्हण आणि त्यांच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढ. त्यावर वाद घालायचा नाही, स्पष्टीकरण द्यायचं नाही, आणि ताईने तुझ्याकडे ‘बघ, मी म्हटलं नव्हतं’ अशा नजरेने पाहायचं नाही, हे तिला आधीच बजाव.

फोनवर भाजीचं वेगळं भांडं, खालचं टेबल आणि ठरवून दिलेलं जेवण यातल्या कशालाही त्यांनी ‘बघू, त्या दिवशी या’ असं उत्तर दिलं, तर मात्र ते ठिकाण सोड. कितीही गोड दिसलं तरी. दुसरं बघ, नाहीतर मुकाट्याने ताईचं ऐक. ज्यांना जमत असतं ते फोनवरच ‘आईंना आलं-लसूण चालतं का’ असं उलट विचारतात.

तारखेचं लवकर उरक. पणजीत नोव्हेंबरच्या शेवटी इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी, 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, 8 ला पणजीच्या चर्चचं फेस्त, आणि 20 नंतर तर सगळा देश तिथे उतरतो. छोट्या ठिकाणांची आठवड्याची सुट्टी असते, बरीचशी रविवारची, आणि दुपारी तीननंतर संध्याकाळपर्यंत ती बंद असतात, तेव्हा फोन सकाळी अकराच्या सुमारास कर, म्हणजे कुणीतरी उचलेल. जायच्या दोन दिवस आधी पुन्हा एक फोन.

आणि त्याआधी, आज रात्रीच, ताईला फोन लाव. तिला ‘मी ठरवलंय’ असं सांगू नकोस, काम दे. साडी तिने घ्यायची, सकाळी खोलीवर औक्षणाचं ताट तिने करायचं, दुपारची सारस्वत खानावळ तिने शोधायची. निरांजन मात्र रेस्टॉरंटच्या टेबलावर आणायचं नाही, जुन्या घरांना लाकडाची छतं असतात. जावई आणि नातवंडं येणार आहेत का तेही तिला आत्ताच विचारून घे. सहाजणांचं टेबल सांगून नऊजण उभे राहिलात, तर त्या खोलीत जादा खुर्ची टाकायची कुठे?